एवढ्याशा डब्यावर गेम चालतील का?

मागच्या अंकात मिनी पीसीबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे ते तळहाताएवढे किंवा टिफिनएवढे कॉम्प्युटर, बिलिंगला, अभ्यासाला, ऑनलाइन क्लासला कसे बरे पडतात वगैरे. त्यानंतर जी पत्रं आली त्यातल्या बहुतेकांनी अभ्यासाचं काही विचारलंच नाही, सगळ्यांना एकच कळायचंय की यावर गेम चालतात का. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : आमचा वन बीएचके आहे, मोठं कॅबिनेट ठेवायला जागाच नाही. मुलगा अकरावीला आहे. दुकानात इंटेल एन१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी असा छोटा पीसी दाखवला, वीस हजारांच्या आत बसतोय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स आतच आहे, सगळे गेम चालतात. मुलाला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचंय. घेऊ का?
– एक आई, सांगली

ताई, ग्राफिक्स आतच आहे हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण सगळे गेम चालतात हे खरं नाही, आणि हा फरक तुम्हाला पैसे द्यायच्या आधी कळायला हवा म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एन१०० ही चिप इंटेलने २०२३ च्या सुरुवातीला आणली, ती कमी वीज खाणाऱ्या साध्या कामांसाठी बनवलेली आहे. कंपनी तिची वीज ६ वॉट सांगते, आपल्या घरातला एलईडी बल्बसुद्धा ९ वॉटचा असतो, त्यावरून अंदाज करा. तिच्यातल्या ग्राफिक्सच्या भागात २४ युनिट, म्हणजे चित्राचं काम करणारे छोटे भाग, आहेत, आणि इंटेलच्याच लॅपटॉपवाल्या चिपांमध्ये जे आयरिस एक्सई नावाचं ग्राफिक्स येतं त्यात ९६ पर्यंत असतात. म्हणजे कंपनी तीच, वर्षंही जवळपास तीच, पण ताकद सरळ चौथा हिस्सा.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे, ती कोणी दुकानात सांगत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं ना, त्याच्यावर त्याची स्वतःची मेमरी असते आणि ती फार वेगवान असते. जीटीएक्स १६५० हे तसं जुनं आणि साधं कार्ड, तरी त्याची मेमरी सेकंदाला १२८ जीबी डेटा हलवते. या छोट्या डब्यात वेगळी मेमरी नाहीच, ग्राफिक्सला साध्या रॅममधूनच काम भागवावं लागतं, आणि डीडीआर४ ३२०० प्रकारच्या रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, तीही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायची. चाळीत एकाच नळावर दोन बिऱ्हाडं पाणी भरतात तसं होतं ते. एन१०० मध्ये रॅमचा मार्गच एक आहे, त्यामुळे तुम्ही पुढे कितीही जीबी वाढवले तरी नळ एकच राहणार.

आता मुलाच्या गेमचं बोलू. व्हॅलोरंट हा गेम मुद्दाम हलका बनवलाय, तो यावर चालतो, सेटिंग सगळी लो वर ठेवली तर सेकंदाला साठ फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास मिळतात आणि खेळताना त्रास होत नाही. (एक लक्षात ठेवा, विंडोज ११ वर हा गेम सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही, ते दुकानातच चालू करून घ्या.) जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ ला आला म्हणजे तसा म्हातारा झाला, पण एन१०० वर तो ७२० पी ला, म्हणजे कमी पिक्सेलच्या चित्रावर, आणून, सावल्या, गवत, सगळं कमी करून तीसच्या आसपास फ्रेमवर चालतो, शहरात जोरात गाडी नेली की अडकतो. मुलगा एकदा दोनदा खेळेल आणि मग मित्राकडे जाईल. माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट असे गेम मात्र छान चालतात. सायबरपंकसारखे मोठे गेम विसरा.

तर माझं स्पष्ट मत असं की अभ्यास आणि व्हॅलोरंट एवढंच असेल तर घ्या, वाईट वस्तू नाहीये ती, वीजबिलही जवळजवळ येत नाही. पण जीटीए त्याच्यासाठी महत्त्वाचा असेल तर दोन महिने थांबा, थोडे पैसे वाढवा आणि एएमडी कंपनीचा रायझन ५ ५५००यू किंवा रायझन ७ ५७००यू असलेला छोटा पीसी बघा, त्यांच्यात व्हेगा ग्राफिक्स येतं, रॅमचे मार्ग दोन असतात, आणि जीटीए नीट खेळता येतो. कुठलाही घ्या, दुकानातच मशीन चालू करून टास्क मॅनेजर उघडायला लावा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूचं नाव वाचा आणि मेमरीवर क्लिक करून 'स्लॉट्स यूज्ड' समोर काय लिहिलंय ते बघा, रायझनवाल्यात दोन्ही भरलेले हवेत. पाच मिनिटांचं काम आहे. मुलालाही बरोबर घेऊन जा, त्याला हे सगळं तुमच्यापेक्षा पटकन दिसेल.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलला आहे, मेकॅनिकल सेकंड इयर. लॅपटॉप आहे पण जुना, गेमिंगसाठी छोटा पीसी घ्यायचाय, चाळीस हजारांपर्यंत जमवलेत. एकीकडे रिफर्बिश्ड मिळतोय आय७ १२७००टी वाला, दुसरीकडे रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७७३५एचएस असे दोन नवे. रूममेट म्हणतो आय७ म्हणजे आय७, डोळे झाकून घे. आणि ते दोन रायझन तर सारखेच वाटतात मग स्वस्तातला का नको?
– एक विद्यार्थी, पुणे

अरे डोळे झाकून तर अजिबात घेऊ नकोस, कारण या बाजारात सगळी फसगत नावातच आहे.

आय७ १२७००टी हा प्रोसेसर म्हणून दणकट आहे, प्रोजेक्टची सॉफ्टवेअर त्यावर मस्त पळतील. पण त्यातलं ग्राफिक्स यूएचडी ७७०, त्यात ३२ युनिट. त्याच पिढीतला लॅपटॉपचा आय५ १२४०पी घेतलास तर त्यात ८० युनिट असतात. म्हणजे गेमच्या बाबतीत लहान नावाचा आय५ मोठ्या नावाच्या आय७ च्या पुढे जातो. डेस्कटॉपच्या चिपमध्ये इंटेल गृहीत धरतं की तू वेगळं कार्ड लावणारच, आणि त्या चपट्या डब्यात कार्ड लावायला जागाच नसते.

आता ते दोन रायझन. ७७३०यू आणि ७७३५एचएस, बघायला नावात फक्त पाचाचा फरक. (युनिट मोजताना इंटेलचे इंटेलशी आणि एएमडीचे एएमडीशीच ताडायचे, दोघांचे युनिट सारखे नसतात.) ७७३०यू मध्ये आहे जुनं व्हेगा, ८ युनिटचं, २०२३ च्या नावाखाली आधीच्या पिढीचा माल. ७७३५एचएस मध्ये आहे रेडिऑन ६८०एम, १२ युनिट, नव्या आरडीएनए २ बनावटीचं, आणि प्रत्यक्ष गेममध्ये हा दुपटीच्या जवळ जातो. याहून वाईट म्हणजे त्याच सात हजारांच्या मालिकेत ७५२०यू नावाची एक चिप आहे तिच्यात फक्त २ युनिट आहेत, आकडा मात्र सातनेच सुरू होतो. म्हणून प्रोसेसरचं नाव वाचून थांबायचं नाही, ग्राफिक्सचं नाव विचारायचं. तुझ्या बजेटमध्ये ६८०एम बसत असेल तर तोच घे, मला दुसरा विचारही करावासा वाटत नाही. साधारण जीटीएक्स १०५० टीआय या जुन्या कार्डाच्या आसपास तो जातो. जीटीए फाइव्ह १०८० पी ला हाय सेटिंगवर, काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) लो वर आरामात, आणि सायबरपंक सुद्धा लो सेटिंग आणि एफएसआर लावून तीस-चाळीसच्या मध्ये खेळता येतो. एफएसआर म्हणजे गेम आतून कमी पिक्सेलवर चालवायचा आणि मग चित्र मोठं करून दाखवायचं, एएमडीने २०२१ ला आणलं, इंटेलच्या ग्राफिक्सवरही चालतं.

तुलनेसाठी सांगतो, स्टीम डेक नावाचा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर आहे ना, त्याच्यात याच आरडीएनए २ चे ८ युनिट आहेत, तुझ्या डब्यात १२ असतील. मग डेकवर लोक एवढे मोठे गेम कसे खेळतात? तर त्याची स्क्रीन १२८० बाय ८०० ची आहे. पिक्सेल कमी, काम कमी. ७२० पी ला नऊ लाख एकवीस हजार पिक्सेल रंगवावे लागतात आणि १०८० पी ला वीस लाखांच्या वर, म्हणजे सव्वादोन पट, आणि तेही सेकंदाला साठ वेळा. त्यामुळे हॉस्टेलवर फोर के मॉनिटर मिळतोय म्हणून घेऊ नकोस, २२-२४ इंची साधा फुल एचडी घे.

आणि हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या भाच्याला दहावीच्या निकालावर मी असाच ६८०एम वाला पीसी घेऊन दिला होता. पोराने आनंदाने लावला, आठवड्याने फोन, मामा गेम अडकतोय. मी म्हटलं सेटिंग जास्त ठेवली असशील, त्याने सगळं कमी करून बघितलं, ड्रायव्हर टाकले, विंडोज पण परत टाकलं, तरी चाळीसच्या वर फ्रेम जाईना. बिचारा गप्प बसला, मामाने एवढं दिलंय तर तक्रार कशी करायची म्हणून. दिवाळीत गेलो तेव्हा मी डबा उघडला, आत १६ जीबीची एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. विकणाऱ्याने १६ जीबी म्हणून सांगितलं आणि १६ जीबी दिली, खोटं काहीच नाही, पण ग्राफिक्सचा अर्धा रस्ता बंद. तशीच दुसरी स्टिक आणून बसवली आणि तोच गेम त्याच सेटिंगवर साठच्या आसपास पळायला लागला. मला त्याच्या गप्प बसण्याचं फार वाईट वाटलं, त्याने चार महिने स्वतःलाच दोष दिला होता. म्हणून तुला सांगतो, १६ जीबीची एक नको, ८-८ च्या दोन घे. इंटेलच्या आयरिस एक्सई मध्ये तर एकच स्टिक असली की विंडोज त्याचं नावसुद्धा नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं दाखवतं. काही डब्यांमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, एलपीडीडीआर५ म्हणतात, ती वेगाने चांगली असते पण नंतर वाढत नाही, तेव्हा असला घेतलास तर पहिल्यापासूनच १६ च्या खाली जाऊ नकोस. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे नंतर टाकू म्हणून सोडलेली स्टिक महागात पडू शकते.

प्रश्न : गेम म्हणतो २ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) हवी, माझा पीसी ५१२ एमबी दाखवतो. रॅम १६ जीबी आहे. वाढवता येते का?
– एक वाचक, रत्नागिरी

येते, बहुतेक वेळा. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा, तिथे यूएमए फ्रेम बफर असं काहीतरी नाव असेल, त्याला २ जीबी करा, १६ मध्ये ४ पण चालेल. हे केल्याने गेम उघडायला नकार देणार नाही. पण वेग वाढेल अशी आशा ठेवू नका, कारण मेमरी तीच आहे, फक्त ग्राफिक्सच्या नावाने बाजूला काढून ठेवली एवढंच. ८ जीबी रॅमवाल्यांनी हे करू नये, विंडोजलाच कमी पडेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एका ऑफिसातून निघालेला छोटा उभा पीसी घेतला, आय५ ८५००, १६ जीबी. टायपिंगला उत्तम आहे. आता नातू सुट्टीत येतो, त्याला गेम खेळायचे असतात. यात ग्राफिक्स कार्ड बसेल का, की दुसराच घ्यावा लागेल?
– एक वाचक, नागपूर

सर, तुमच्या पत्रात 'उभा' हा शब्द आहे म्हणून मला बरं वाटलं. ऑफिसातून निघणारे छोटे पीसी दोन प्रकारचे असतात, एक अगदी पुस्तकाएवढा चपटा, त्याला टायनी किंवा मायक्रो म्हणतात, त्यात बहुतेक वेळा कार्ड बसत नाही. दुसरा पातळ उभा, त्याला एसएफएफ म्हणतात, त्यात अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं, लो प्रोफाइल म्हणून मागायचं. तुमचा दुसरा दिसतोय.

यांचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज देणारा भाग, साधारण दोनशे वॉटच्या आसपास असतो आणि त्यातून कार्डाला वेगळी वायर येत नाही, त्यामुळे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागणारंच कार्ड लागतं. असं लो प्रोफाइलमध्ये मिळणारं जीटीएक्स १६५० आहे, आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी वालं, जे २०२४ ला आलं आणि ७० वॉट घेतं. दुसरं माझ्या मते तुमच्यासाठी चांगलं, पहिलं सेकंड हॅंड मिळालं तर स्वस्त पडेल. ही कार्डं बहुतेक वेळा जाड असतात, दोन स्लॉटची जागा घेतात, तेव्हा झाकण उघडून फोटो काढा, पट्टीने मोजा आणि तो फोटो दुकानदाराला दाखवा.

दोन कार्डांपासून जपा. आरएक्स ६४०० हे विजेला फक्त ५३ वॉट घेतं म्हणून लोक सुचवतात, पण ते डेटाच्या चारच लेनवर चालतं आणि तुमच्या बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट जुन्या थर्ड जनरेशन पीसीआय एक्सप्रेसचा आहे, त्यामुळे त्याची बरीच ताकद वाटेतच जाते. आणि दुसरं जीटी १०३०. हे एकाच नावाने दोन प्रकारात विकलं गेलं, एक जीडीडीआर५ मेमरीचं आणि एक डीडीआर४ चं, डीडीआर४ वाल्याचा मेमरीचा वेग दुसऱ्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. खोक्यावर बारीक अक्षरात असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा तिथून कोणी आणून देणार असेल तर हे कागदावर लिहूनच द्या.

तुमचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आहे हे फार बरं झालं, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्यापासूनच चालतं. सहाव्या-सातव्या जनरेशनचे असेच पीसी आता खूप स्वस्त मिळतायत, ते का स्वस्त आहेत ते इतर वाचकांनी यावरून समजून घ्यावं.

प्रश्न : दीर न्यू जर्सीहून येतायत, मॅक मिनी आणू का म्हणून विचारतायत. मुलीला व्हॅलोरंट खेळायचा असतो. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

नाही चालणार. एम४ वाला मॅक मिनी वर सांगितलेल्या बहुतेक डब्यांपेक्षा ताकदवान आहे, ग्राफिक्स उत्तम, आवाज जवळजवळ नाही, आणि आपल्या २३० व्होल्टवर थेट चालतो. सायबरपंक सुद्धा २०२५ ला मॅकवर आला. पण व्हॅलोरंट मॅकवर नाहीच, सीएस२ नाही, जीटीए फाइव्ह नाही. मुलगी व्हिडिओ एडिटिंग, म्युझिक, डिझाइन करत असेल तर दिरांना जरूर आणायला सांगा. तिच्या गेमसाठी आणू नका.

प्रश्न : रायझन ७ ७७३५एचएस वाला छोटा पीसी आहे, रॅमच्या दोन स्टिक आहेत. डिसेंबरात गेम मस्त चालायचे, मे महिन्यात वीस मिनिटं झाली की फ्रेम निम्म्यावर येतात, पंखा विमानासारखा ओरडतो. पीसी खराब झाला का?
– एक वाचक, चंद्रपूर

खराब झालेला नाही, तापलाय. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं, खोलीत पंख्याखालीही ३८-४० असतं, आणि चिप खोलीच्या हवेनेच थंड व्हायची असते. डिसेंबरात खोली २३ ला होती तेव्हा चिप ८० ला थांबायची, आता तेच गणित पंधरा अंशांनी वर गेलं, आणि ९५ च्या आसपास पोचली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा खेळते, या डब्यात बोटभर पंखा आणि पातळ तांब्याचा तुकडा (हीटसिंक), एवढ्यावरच सगळं.

पहिलं काम, गेममध्ये व्ही-सिंक लावा किंवा फ्रेम ६० वर बांधा. मेन्यूमध्ये उभं असताना सुद्धा ग्राफिक्स दीडशे फ्रेम काढत बसतं, उगाच उष्णता. दुसरं, बायोसमध्ये पॉवर मोड असतो, बऱ्याच डब्यांत ५४ वॉट आणि ३५ वॉट असे पर्याय असतात, उन्हाळ्यात ३५ वर ठेवा. तुम्हाला वाटेल निम्मा वेग जाईल, तसं होत नाही, थोड्याच फ्रेम जातात पण त्या तासभर टिकतात, आणि खेळताना टिकणाऱ्या पन्नास फ्रेम पडणाऱ्या सत्तरपेक्षा कितीतरी बऱ्या. डबा मॉनिटरच्या मागे स्क्रूने लावला असेल तर उन्हाळ्यापुरता काढा, टीव्हीच्या कपाटात असेल तर बाहेर घ्या, खाली चार बाटलीची झाकणं ठेवून उचला कारण बहुतेकांची हवा खालून आत जाते. कूलरसमोर मात्र ठेवू नका, वाळ्याची ओली हवा थेट आत गेली तर बोर्डावर गंज धरतो, कूलर खोली थंड करू दे, डबा बाजूला राहू दे.

मग धूळ. तुमच्याकडची धूळ बारीक असते, वर्षभरात पंख्याच्या मागच्या जाळीत नमदा तयार होतो. वॉरंटी संपली असेल तर उघडून ब्रशने साफ करा, थर्मल पेस्ट बदला. वॉरंटीत असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी सील तोडलं की हात वर करतात.

एवढं करून एकदा अर्धा तास खेळा आणि खोलीचं तापमान, चिपचं तापमान आणि फ्रेम तिन्ही लिहून कळवा. एकाही गोष्टीने फरक पडला नाही तर हीटसिंक नीट बसलेलाच नसेल, ते मग आपण पुढच्या अंकात बघू.